वाचकांचे प्रश्न : पोरांना घेऊन कात्रजला

प्रश्न : चार आणि सहा वर्षांची मुलं आहेत. साताऱ्याहून कात्रजचं प्राणिसंग्रहालय एका दिवसात होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होईल, बुधवार सोडून. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. आठवड्यातून एक दिवस दार लावायचा नियम देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांना आहे, तरी दर सुट्टीत बुधवारी गेटवरून परतणारी कुटुंबं असतातच.

साताऱ्याहून कात्रज साधारण १०० किलोमीटर. मुलांसाठी एक थांबा धरला तर अडीच-पावणेतीन तास. दार साडेनऊला उघडतं, म्हणजे पावणेसातला गाडी हलली पाहिजे. घरी पोहे वगैरे करून निवांत नऊला निघालात तर पोचेपर्यंत बारा वाजतात, आणि तेव्हा वाघ, बिबट्या, अस्वल सगळे सावलीला आडवे झालेले असतात. एसटीनं येणार असाल तर स्वारगेटपर्यंत जाऊ नका, कात्रजलाच उतरा. नाहीतर तेवढंच अंतर सिटी बसनं उलटं यावं लागतं.

आवार सुमारे १३० एकरांचं, तलाव धरून. चार वर्षांचं पोर किलोमीटरभर चाललं की 'कडेवर घे' सुरू होतं. त्यामुळे सगळं बघायचा हट्ट नको. नकाशाच्या फलकासमोर मुलांना उभं करा, प्रत्येकाला दोन प्राणी निवडू द्या आणि त्यातला सर्वांत लांबचा आधी गाठा. बॅटरीवरची गाडी मिळते, ती आजी-आजोबांसाठी उत्तम. मुलांना मात्र तिच्यातून फार काही दिसत नाही. गाडी थांबते थोडा वेळ आणि पुढे असतात मोठ्यांची डोकी. दीड वाजता जेवण, तीनला परतीची वाट. मुलं गाडीत झोपतात, अंधाराच्या आत घर.

सांगलीकरांसाठी हे गणित वेगळं आहे. जाऊन-येऊन ४५० किलोमीटरच्या वर होतात. तीन वर्षांखालचं मूल असेल तर पुण्यात मुक्काम करा, नाहीतर सरळ देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात जा. तिथे सांबर, चितळ, काळवीट मोकळे असतात. ते दिसतीलच याची हमी नाही, हे मुलांना आधीच सांगा.

प्रश्न : डब्यात काय न्यावं? मुलांना भडंग आवडतो. (एक आई, सांगली)

उत्तर : भडंग मोठ्यांसाठी. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, तेही चालताना किंवा हसताना, देऊच नयेत. दाणा श्वासनलिकेत अडकतो. शिवाय तिखटामिठानं तहान लागते आणि मग दर वीस मिनिटांनी स्वच्छतागृह शोधावं लागतं. दुधातल्या दशम्या आणि सुकी बटाट्याची भाजी सर्वांत सुटसुटीत. तिखटमिठाच्या पुऱ्याही चालतात, तिखट बेतानं घालून. दहीभात उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो, टाळा. पाणी दर मुलामागे निदान अर्धा लिटर, स्टीलच्या बाटलीत. कंदी पेढे गाडीतच ठेवा, कारण पेढा हातात असला की पहिला विचार 'माकडाला देऊ?' हाच येतो. प्राण्याला खायला घालणं, चिडवणं, कचरा टाकणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

प्रश्न : घाटात धाकट्याला उलटी होते. (एक वाचक, कराड)

उत्तर : कानातला तोल सांगतो 'हलतोय', डोळे मोबाइलवर खिळलेले असतात, म्हणून मळमळतं. मोबाइल काढून घ्या, लांब रस्त्याकडे बघायला लावा, काच थोडी खाली ठेवा. निघताना पेलाभर दूध नको आणि रिकामं पोटही नको. अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं पुरेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नका.

प्रश्न : मागच्या वेळी वाघ झोपलेलाच होता, मुलगा रडला. काय करावं? (एक बाबा, वाई)

उत्तर : वाघ दिवसातले निम्म्याहून जास्त तास झोपून किंवा पडून काढतो. उन्हात अंगातली उष्णता वाढवून घ्यायचं त्याला कारण नसतं. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर तो उठून फेऱ्या मारताना दिसण्याची शक्यता जास्त. आणि झोपलेला असला तरी पाच मिनिटं थांबा. कान कसा माशी उडवतो, शेपटीचं टोक तेवढंच कसं हलतं, पोट वर-खाली होतं ते मोजायला लावा. रडणं बहुधा तिथेच थांबतं. शिट्या, आरोळ्या अजिबात नकोत. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे, रंगाचा जनुकीय बदल आहे, हेही मुलाला सांगता येईल.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. फोटोसाठी मुलाला कठड्यावर बसवू नका, खांद्यावर घेऊन कठड्याला टेकूही नका. २०१४ साली दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडलेला तरुण वाचला नव्हता. मुलाला दिसत नसेल तर जाळीची किंवा काचेची जागा शोधा.

प्रश्न : बाबागाडी न्यावी का? आणि गर्दीत मूल हरवलं तर? (एक आई, मिरज)

उत्तर : न्या, पण मोठ्या चाकांची, छोटी चाकं खडीत रुततात. रविवारी आणि मे महिन्यात मात्र गर्दीत ती अडते. मनगटाच्या आत बॉलपेननं मोबाइल नंबर लिहा आणि घामानं पुसतो म्हणून चिठ्ठी खिशातही ठेवा. आत शिरताच मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. 'हरवलास तर जागचा हलू नको, गणवेशातल्या काकांना हाक मार' एवढंच पढवा.

प्रश्न : कात्रजच्या संग्रहालयातल्या सर्पोद्यानात मुलं काच वाजवतात. सापाला ऐकू येतं का? आणि तिथली मगर कृष्णेतल्या मगरीसारखीच का? (एक वाचक, भिलवडी)

उत्तर : सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात, पण काचेची आणि जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते. सारखी टकटक म्हणजे त्याला सारखा ताण. सर्पतज्ज्ञ निलीमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं हे सर्पोद्यान १९८६ मध्ये उभं राहिलं. नागपंचमीच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्याकडच्या मुलांना इथला नाग आणि धामण शेजारी शेजारी दाखवा. धामण बिनविषारी आणि उंदीर खाणारी आहे, हे शेतकऱ्याच्या पोराला लगेच पटतं.

मगर तीच. लांब, निमुळत्या, चिमट्यासारख्या तोंडाची ती सुसर; ती कृष्णेत नसते, नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा फुगवटा असतो. मगर तोंड उघडं टाकून पडली की मुलं 'चिडलीय' म्हणतात, पण तापलेलं अंग ती अशीच निववते. संग्रहालयात मधे खंदक असतो, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला नदीकाठी तो नसतो. तेव्हा तिथे कातरवेळी मुलांना पाण्यात पाय सोडून बसू देऊ नका.