२८ फुटी शिडाच्या बोटीला ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी बँक किती मोठी लागेल? ४०० अँपिअर-अवर पुरेल का, आणि चार्जर कुठला घ्यावा?

४०० कशाला? तुम्ही लिहिलंय की बोट साडेतीन टनांची आहे, गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधलेली) असते, शनिवार-रविवारी मांडव्यापर्यंत जाणं-येणं, आणि डिझेल इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवताय. म्हणजे जवळपास आमचीच बोट. १६ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बँक ५१.२ व्होल्टची असते. ४०० ची घेतलीत तर साडेवीस युनिट झाली. आमची २०० ची, म्हणजे दहा युनिट. आणि ती ‘लहान पडते’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून हात शिवशिवले.

ऐकवणारे माझे साडू. बोटीत निम्मे पैसे त्यांचे. माणूस लाख, पण सगळा हिशोब टाकीचा: टाकी मोठी करा, चिंता मिटली. आता एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते आणि छोटं इंजिन त्यातली जेमतेम अडीच-तीन युनिट शाफ्टला देतं. त्या हिशोबाने आमची अख्खी बँक म्हणजे पावणेचार लिटर डिझेल. दुप्पट केली की साडेसात. दीड-दोन लाखांनी किंमत वाढवून आणि पाऊणशे किलो जास्त वाहून मिळालं काय, तर पाच लिटरचा पाऊण कॅन!

ज्या दिवसावरून हे सगळं सुरू झालं ते सांगतो. ऑक्टोबर, पौर्णिमा होऊन द्वितीया. मांडव्याहून परतताना पाचच्या सुमारास वारा पार पडला. शीड लटकलं. गेटवे अजून पाच सागरी मैल, मीटरवर ६० टक्के, म्हणजे सहा युनिट शिल्लक. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा: द्वितीयेला दीडला पूर्ण भरती, म्हणजे पावणेआठपर्यंत ओहोटी. आणि उधाणाची ओहोटी ऐन जोरात असते ती याच वेळी. दोन नॉटचा, म्हणजे तासाला दोन सागरी मैलांचा, प्रवाह नाकासमोरून येत होता.

सुकाणूवर साडू. त्यांनी थ्रॉटल पुढे रेटलं. साडेपाच नॉट, मोटर पाच किलोवॉट खातेय. पाण्यातून साडेपाच, पण जमिनीच्या हिशोबात साडेतीनच. पाच मैलांना जवळजवळ दीड तास, म्हणजे सात युनिट. खिशात सहा. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, “अहो, पोचू की, तुम्ही आधीच कशाला घाबरता?” पाव तासात मीटर ६० वरून ४८ वर आला आणि आम्ही मैलभरसुद्धा सरकलो नव्हतो.

मग मी थ्रॉटल मागे घेतलं, बोट जहाजांच्या चॅनेलबाहेर उथळ पाण्यात आणली आणि नांगर टाकला. भडंगाचा डबा काढला. ओहोटी निवली तसे निघालो, चार नॉटने. चार नॉटला आमची मोटर दोन किलोवॉट घेते. भरती मागून लागली होती, त्यामुळे दोन युनिटसुद्धा न जाळता मुरिंगला पोचलो.

एवढंच घडलं. पण नांगरावर असताना एक कोळ्यांची होडी जवळून गेली. त्यांनी ओरडून विचारलं, “मशीन बंद पडली काय?” आणि साडू ओरडून म्हणाले, “बॅटरी लहान आहे!” तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत तेच वाक्य.

बॅटरी लहान नव्हती, थ्रॉटल मोठं होतं. बोटीला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. आमच्याकडे तीन नॉटला ०.९ किलोवॉट, चारला २, पाचला पावणेचार. प्रवाह समोरून असेल तर अगदी रांगत जाणंही महागात पडतं. गणित मांडलंत तर सर्वांत काटकसरीचा वेग प्रवाहाच्या दीडपट येतो, म्हणजे दोन नॉटच्या ओहोटीत तीन नॉट. त्याहून स्वस्त म्हणजे थांबणं. पंचांग फुकट असतं, साडू.

आता तुमचा प्रश्न. बँकेचं माप मोटरवरून काढू नका, ती परत भरणार कशी त्यावरून काढा. मुरिंगवर प्लग नाही. २८ फुटांवर धडपणे ४०० वॉटची सोलर पॅनेल बसतात. बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली धरून दिवसाला दीड युनिट मिळालं तरी खूप. सोमवार ते शुक्रवार साडेसात युनिट. दहाची बँक त्यात शनिवारपर्यंत तयार. वीसची बँक एकदा रिकामी झाली की पुढच्या शनिवारी अर्धीसुद्धा भरलेली नसेल. शिडावर जाताना पाण्यातला पंखा (प्रोपेलर) फिरून बँक चार्ज होईल म्हणणाऱ्यांना आपल्या चार-पाच नॉटच्या हार्बरमध्ये एकदा मीटर दाखवा.

एमपीपीटी (पॅनेल आणि बँकेमधला सोलर चार्जर) घेताना बघा: साध्या प्रकाराला पॅनेलचा व्होल्टेज बँकेपेक्षा वर लागतो. वीसेक व्होल्टची दोन पॅनेल जोडून ४८ ची बँक भरणार नाही. चार सिरीजमध्ये लावा, नाहीतर बूस्ट प्रकारचा घ्या. धक्क्यावर १६ अँपिअरचा सॉकेट मिळत असेल तर तीन किलोवॉटचा चार्जर. दहा युनिटला चारेक तास. चार्जर ५६ व्होल्टवर थांबवा. ५८.४ ही कमाल मर्यादा आहे, रोज गाठायची जागा नाही. फ्लोट, म्हणजे भरल्यावरही चालू राहणारं हलकं चार्जिंग, नको. ‘बॅटरी कायम फुल्ल ठेवावी’ ही लेड-ॲसिडची सवय (पुन्हा साडू), लिथियम उन्हाळ्यात फुल्ल राहिली की लवकर म्हातारी होते. मेअखेरीस बोट वर काढाल तेव्हा निम्मी भरलेली ठेवा आणि सगळी कनेक्शनं सोडवा. व्होल्टमीटर बघून चार्ज ओळखू नका, मधल्या पट्ट्यात व्होल्टेज हलतच नाही. शंटवाला मीटर लावा, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो.

फ्यूज टी क्लासचाच. लॅमिंग्टन रोडवर कार-ऑडिओसाठी मिळणारे बहुतेक ३२ व्होल्टचे असतात. शॉर्ट झाला तर आर्क तुटणार नाही आणि बोट जळेल. यात घासाघीस नको.

आणि हो, वरचे आकडे स्वच्छ तळाचे आहेत. आपल्या पाण्यात कालवं फार लवकर चिकटतात, मग त्याच वेगाला बरंच जास्त लागतं. समोरून वारा आणि लाटा असतील तर चार नॉटला दोन किलोवॉट विसरा. रात्रीचं गोव्यापर्यंत जायचं असेल तर माझं दहा युनिटचं गणित तुमच्या कामाचं नाही, जनरेटर ठेवा किंवा डिझेल काढूच नका. तुमच्या शाफ्टवरचा पंखा किती इंची आणि किती पिचचा आहे ते लिहा. ते कळल्याशिवाय मोटरच्या किलोवॉटबद्दल मी काही बोलणार नाही.