“मुलगा कडवा डावा झालाय का?”

परळच्या एका आईने समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारलं, “त्याचे बाबा म्हणतात हा कडवा डावा झालाय. तो बाबांना फॅसिस्ट म्हणतो. ही माणसं अतिरेकी असतात का हो? पोलीस घरी येतील का?” मुलगा वीस वर्षांचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वडील ‘बेस्ट’मधून कंडक्टर म्हणून निवृत्त. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हा ‘कडवे डावे’ हे शब्द टीव्हीवर रोज ऐकू येऊ लागले आणि या घरात भीती शिरली. विधेयक माओवादी संघटनांसाठी आहे असं सरकारचं म्हणणं. व्याख्या सैल आहे, कोणालाही लागू होईल, असं विरोधकांचं. आईला यातलं एवढंच कळलं की आपल्या मुलाला घरात जे म्हणतात तेच टीव्हीवर म्हणतायत.

आधी शब्दांचा गुंता सोडवावा लागतो. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार हवा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, त्याला विरोध करणारे डावीकडे. मुळात एवढंच. पुढे डावा म्हणजे समता, कामगार, सार्वजनिक मालकी आणि उजवा म्हणजे परंपरा, राष्ट्र, धर्म, खासगी मालमत्ता असा ढोबळ अर्थ रुळला. यातून दिशा कळते, धग कळत नाही. धग सांगायला मराठीत जहाल आणि मवाळ ही वेगळी जोडी आहे. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली ती तिच्यावरच. टिळक आणि गोखले यांचं इतकं टोकाचं बिनसलं होतं, तरी १९१५ साली गोखले गेले तेव्हा टिळक अंत्ययात्रेला गेले आणि त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. जहाल असणं आणि अतिरेकी असणं यातला फरक समजवायला आम्हाला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. ‘कट्टर’ शब्दाने घोळ आणखी वाढतो. बाइकच्या नंबरप्लेटवर तो अभिमानाने मिरवला जातो आणि बातमीत तोच आरोप होतो.

अतिडावा म्हणजे खासगी मालकीची सगळी व्यवस्थाच उलथून टाकायला निघालेला. अतिउजवा म्हणजे देश एकाच वंशाचा किंवा धर्माचा, बाकीच्यांनी दुय्यम होऊन राहावं असं मानणारा. दोन्हीकडे पुन्हा दोन थर असतात: निवडणूक, कोर्ट, मोर्चा यांच्या चौकटीत राहणारे आणि ती चौकटच नाकारणारे. लोकसभेत बसणारे कम्युनिस्ट पक्ष वेगळे आणि २००९ पासून बंदी असलेला भाकप (माओवादी) वेगळा. देवळात जाणारा, परंपरा मानणारा मतदार वेगळा आणि शेजाऱ्याचा धर्म बघून त्याला मारायला निघालेला वेगळा. शेवटच्या थरात दिशा कोणती याला फारसा अर्थ उरत नाही. इटलीत १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना पळवून ठार मारणारे अतिडावे होते. १९८० मध्ये बोलोन्या स्टेशनवर बॉम्ब ठेवून ८५ माणसं मारणारे अतिउजवे.

म्हणून आईला सांगितलं, तो कोणत्या बाजूचा हे आधी बाजूला ठेवा. तीन गोष्टी बघा. विरोधकाला तो चुकीचा म्हणतो, शत्रू म्हणतो, की कीड, झुरळ म्हणतो? रवांडात १९९४ च्या नरसंहाराआधी रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळंच म्हटलं जात होतं; माणूस माणसातून उठवला की हात उचलायला अडचण राहत नाही. दुसरं, मत, मोर्चा, कोर्ट यांचा काही उपयोग नाही, आता दणकाच द्यायला हवा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो का? तिसरं, जुने मित्र, क्रिकेट, आजीकडे जाणं सुटून फक्त एकच गट उरलाय का आणि तो गट ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो का? तिन्हींची उत्तरं एकाच दिशेला झुकली तर काळजी खरी. इथे मुलगा बाबांवर चिडत होता, पण शनिवारी मैदानात खेळायला जात होता, मित्र सर्व तऱ्हेचे होते आणि पुस्तकं उघड्या कपाटात होती.

मग वही दिली. दोन आठवडे रोज चार रकाने भरायचे: वेळ, विषय, पहिलं लेबल कोणी लावलं, शेवट कसा झाला. दुसऱ्या भेटीत वही उघडली तर जवळजवळ प्रत्येक भांडण रात्री नऊ ते दहामधलं, टीव्हीवर चर्चा सुरू असताना. विषयाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसती रेघ. लेबलाच्या रकान्यात मात्र ‘अर्बन नक्षल’, ‘अंधभक्त’, पुन्हा ‘अर्बन नक्षल’. शेवटच्या रकान्यात एकच वाक्य सारखं यायचं: ‘ताट उचलून आत गेला.’ अर्धी भाकरी तशीच.

पुढची पायरी चुकली. वडील-मुलाला एकत्र बसवण्याची घाई झाली. वडील कात्रणांची फाइल घेऊन आले, मुलगा पंधरा मिनिटांत उठून गेला. पुरावे खोटे होते म्हणून तो उठला नाही. स्वतःच्या घरात, आईसमोर आपल्याला दोषी ठरवलं जातंय असं वाटलं की माणूस आधी इज्जत सांभाळतो, मुद्दा नंतर. अशा वेळी माहिती जितकी जास्त ओतावी तितका तो घट्ट होतो. म्हणून आधी दोघांना वेगवेगळं, दोन-दोनदा भेटायचं ठरलं.

त्या भेटींत कोरा कागद दिला. एक आडवी रेघ: सेवा सरकारकडे हव्यात की खासगीकडे. एक उभी: वरून कडक हुकूम हवा की माणसाला मोकळीक. आठ प्रश्न, प्रत्येकाला एक ठिपका. दोघांच्या संमतीने कागद शेजारी ठेवले तेव्हा वडील बराच वेळ बघत राहिले. बस कंत्राटदारांकडून भाड्याने घेऊ नयेत, ‘बेस्ट’च्या स्वतःच्या हव्यात, यावर दोघांचे ठिपके जवळजवळ एकमेकांवर होते. दुकानांच्या मराठी पाट्यांवरही. धर्म आणि पोलिसांचे अधिकार यांवर मात्र ठिपके दोन टोकांना आणि ते आजही तिथेच आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी आणि जनसंघ एकत्र होते, हे त्या दिवशी वडिलांनीच मुलाला सांगितलं.

घरासाठी नियम एवढाच ठरला: टीव्ही बंद, वीस मिनिटं, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो “हो, हेच म्हणतोय” म्हणाला की मगच आपली पाळी. सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं. ज्या दिवशी कोणी थकून आलाय त्या दिवशी करू नये.

पोलिसांबद्दल: मार्क्स वाचणं, घोषणा देणं, सरकारवर टीका करणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात चर्चा, प्रचार आणि चिथावणी यांत फरक केला; कारवाईचा प्रश्न चिथावणीपाशी येतो. खरी सावधगिरी फॉरवर्डची. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असलेला मेसेज अनेकांच्या हातून फिरून आलेला असतो आणि दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर पुढे पाठवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे मुलाइतकंच वडिलांच्या ग्रुपलाही लागू. नोटीस आलीच तर आधी वकील, मग उत्तर.

रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघणाऱ्या मुलांचे पालक तर हमखास विचारतात, फोन गुपचूप तपासू का? वीस वर्षांच्या मुलाचा नाही. पकडले गेलात तर तो दुसरा, लपवलेला फोन ठेवेल आणि जे थोडं तुमच्याशी बोलतो तेही बंद होईल. उलट त्याला म्हणा, “यातला तुला सगळ्यात पटलेला एक व्हिडिओ मला दाखव.” शेवटपर्यंत बघा, मध्ये बोलू नका, मग विचारा, यातलं काय पटलं. मात्र ठरावीक दिवस किंवा जागेची भाषा, शस्त्र जमवणं, वस्तू वाटून टाकणं, निरोपाचे मेसेज यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, ११२ ला फोन करा. मन कोलमडल्यासारखं दिसलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. समुपदेशनातलं बोलणं गुप्तच राहतं, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेला कायद्यातही अपवाद आहे, हे पहिल्या भेटीतच सांगितलेलं असतं.

परळच्या आई सहाव्या भेटीला वही घेऊन आल्या. शेवटच्या पानावर वेळ रात्री साडेनऊ, विषय ‘बेस्टचं भाडं’, लेबलाचा रकाना रिकामा. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘जोरात भांडले. जेवले.’