जुनी पण पळणारी सेडान घेताय? तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : दादा नमस्कार, मी कोल्हापूरचा. २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० बघून आलोय, पुणे पासिंग, सेकंड ओनर, ५८ हजार पळालीय, पेंट एकदम चकाचक. मालक म्हणतो ‘स्टेज वन’ केलंय, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलीय, पण तुम्हाला हवं तर परत स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, करून देतो. २१ लाखाला अडून बसलाय. बायको म्हणते एवढ्या पैशात नवीकोरी एसयूव्ही येते. मला मात्र त्या गाडीनं रात्री झोप नाही. घेऊ का?

उत्तर : वहिनींचं म्हणणं चूक नाही. पण ही गाडी नुसती हौस आहे असंही नाही, डिक्की ५९० लिटरची आहे, मागची काच धरून अख्खा दरवाजा वर उचलतो, चौघांचं गावाकडचं सामान आरामात मावतं. आणि त्याच गाडीत २.० लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद २३० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ३५० एनएम. शून्य ते शंभर ६.८ सेकंदात. २०१७ ला शोरूमचा भाव २४.६२ लाख होता, आज तुम्हाला २१ सांगतायत म्हणजे भाव फारसा पडलेला नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे, या गाड्या आपल्याकडे मोजूनच आल्या. पुढची आरएस २४५ आली २०२० ला, फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाखाला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएसवाली आली ती फक्त १००, आणि ४९.९९ लाख. त्यामुळे २३० वाले मालक भाव सोडत नाहीत.

आता मुद्द्याचं. तुम्ही पेंट बघितलात, गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल बघितलंत का? मी तरी सगळ्यात आधी तेच मागितलं असतं. साध्या १.८ ऑक्टाव्हियात सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असायचा, त्याचा क्लच कोरडा. आरएस २३० ला सहा गिअरचा आहे आणि त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, म्हणून तो जास्त ताकद झेलतो, पण ते तेल क्लच घासल्यानं घाण होतं आणि दर ६० हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदलावंच लागतं. तुमची ५८ हजारावर उभी आहे. म्हणजे एकतर मालकानं ते आधीच करून घेतलंय, आणि तसं असेल तर तो माणूस गाडीवर जीव लावणारा आहे, नाहीतर खर्च तोंडावर आलाय म्हणून गाडी विकायला काढलीय.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक जुनी सेडान घेतली होती, कुठल्या कंपनीची ते राहू दे. विकणाऱ्यानं सांगितलं, गॅरेजवाल्यानंही मान डोलावली की गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ असतं, बदलायचं नसतं. मी मानलं. आठ महिन्यांनी कात्रज घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी धक्के द्यायला लागली, मागून ट्रकचा हॉर्न, बाजूला आई बसलेली, आणि मी घामाघूम. काढलेलं तेल नंतर बघितलं, अगदी काळ्या चहासारखं, बोटावर चोळलं तर चांदीसारखी चमक येत होती, म्हणजे धातूचा चुरा. अडीच लाख गेले. त्या दिवसापासून गाडीआधी सर्व्हिसच्या बिलांची फाइल उघडून बघतो.

स्टेज वनचं म्हणाल तर सॉफ्टवेअर परत स्टॉक करता येतं हे खरं, पण त्या ताकदीवर जेवढे दिवस गाडी पिळली तेवढी झीज काही परत जात नाही. स्टेज वनमध्ये टर्बोचं बूस्ट वाढवतात, टॉर्क वाढतो, आणि तो सगळा आधी क्लचवर आणि मग पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण ही गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. आणखी एक, ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, किती वेळा सॉफ्टवेअर टाकलं याची मोजणी राहते, त्यामुळे ‘आता स्टॉक आहे’ या शब्दावर जाऊ नका, स्कॅनर लावणारा माणूस सोबत न्या. तोच माणूस मीटरचंही बघेल, काटा मागे फिरवला असेल तर गाडीतल्या बाकीच्या छोट्या कॉम्प्युटरमधले आकडे जुळत नाहीत. आणि इन्शुरन्स कंपनीला न कळवता ताकद वाढवलेली असेल तर क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी यायच्या आधी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागला तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका, साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, तपासायला लागेल. मग टॉर्च घेऊन इंजिनच्या पुढच्या बाजूला, इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपांच्या, खाली बघा. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं असतं, ते वयानुसार पाझरतं आणि कूलंट वाळून तिथं गुलाबी खपली धरते. खपली दिसली म्हणून गाडी सोडू नका, हे होणारंच काम आहे, पण त्याचे पैसे भावातून कापा. जुन्या पंपावर कूलंट भरत भरत चालवलेली गाडी मात्र घेऊ नका, एकदा इंजिन तापलं की खर्चाचा आकडा सांगवत नाही.

मग चढावर डी मध्ये ठेवून ब्रेक हळू सोडा. गाडी लोण्यासारखी पुढे सरकायला हवी, थरथरली तर क्लच किंवा तेल. खाली वाकून पोट बघा, आपल्याकडचे स्पीड ब्रेकर या गाडीला सोडत नाहीत, इंजिनखालचं कव्हर फाटलेलं असेल तर समजायचं मालक बिनधास्त चालवत होता.

माझं मत विचाराल तर २१ ला ही नको. ६० हजार किलोमीटरची सर्व्हिस त्याच्या खर्चानं होऊन बिल हातात येत असेल, स्कॅन स्वच्छ निघाला, तर उरलेल्या भावावर बसून बोला. पण शक्य असेल तर थांबा आणि कधीच न छेडलेली, फाइल भरलेली गाडी शोधा, ७५ हजार पळालेली असली तरी चालेल. आणि कुठलीही घ्या, अडीच लाख वेगळे काढून ठेवा, त्या पैशाला वर्षभर हात लावू नका. ते जमणार नसेल तर वहिनींचं ऐका, मनापासून सांगतोय.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. माझ्या भावाला दिल्ली पासिंगची आरएस २४५ तीन लाखांनी स्वस्त मिळतेय. आणावी का?

उत्तर : ताई, ते तीन लाख हातात राहणार आहेत का ते आधी मोजा. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त आपल्या राज्यात ठेवायची तर पासिंग इथलं करावंच लागतं, त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. लोन असेल तर बँकेचा फॉर्म ३५. आणि मग इथला रोड टॅक्स. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, पण बाहेरून तयार आलेल्या गाडीला २० टक्के, आणि आरएस २४५ ही तयारच आयात झालेली. वयाप्रमाणे सूट मिळते, तरी रक्कम मोठीच. आधी नाशिकच्या आरटीओत जाऊन नेमका आकडा काढा, मगच टोकन द्या. पेंडिंग ई-चलान आरसी नंबर टाकून बघा, दिल्लीच्या गाड्यांवर ढिगानं निघतात. आणि भावाला सांगा, पहिल्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, आपल्याला मिळत नाही, तेव्हा इन्शुरन्सचा हप्ता जाहिरातीतल्यापेक्षा जास्त धरायचा.

प्रश्न : पुण्यात राहतो, ऑफिस घरून. आरएस महिन्यातून दोनदाच निघते. सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, इंजिन खराब होईल का?

उत्तर : इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायची, काळजी नको. ॲव्हरेज थोडं पडेल, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. मला जास्त काळजी तुमच्या ‘महिन्यातून दोनदा’ची वाटते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर तीन आठवडे उभी राहिलेली गाडी म्हणजे पाईप, रबर, पंप सगळ्याला त्रास. उभी ठेवायचीच असेल तर शेवटची टाकी १०० ऑक्टेनवाल्या, बिनइथेनॉलच्या महागड्या पेट्रोलची भरा, काही मोजक्या पंपांवर मिळतं.

आणि घरापासून चौकापर्यंत नेऊन परत आणणं बंद करा. हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन बसत जातो. सकाळी थंड इंजिन अडखळायला लागलं की तो साफ करायची वेळ आली असं समजा. पंधरा दिवसांतून एकदा तरी लोणावळ्यापर्यंत जाऊन या, तेल नीट तापू द्या, आणि तापेपर्यंत पहिले आठ-दहा किलोमीटर गाडी पिळू नका.

प्रश्न : नागपूर–मुंबई समृद्धीनं नेहमी जातो. जुनी आरएस घेतलीय, टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे. चालतील ना?

उत्तर : नक्षी राहू दे, टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात ते वाचा. ३२१९ असेल तर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. तो आजच काढा. रबर उन्हानं वाळतं, उभ्या गाडीचंसुद्धा, आणि ७०१ किलोमीटर काँक्रीटवर, विदर्भाच्या मे महिन्यात, १२० च्या स्पीडनं तो फुटला तर सावरायला जागाच मिळत नाही. हवा सकाळी गार टायरमध्ये भरा, गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. आतल्या बाजूनंही हात फिरवा, खड्ड्यानं आलेला फुगा बाहेरून दिसत नाही, बोटाला लागतो.