दवाखान्याचा नकाशा काढताना

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

पन्नास खाटांच्या दवाखान्याचं काम तुझ्याकडे आलं आणि तू पहिले नकाशे मला पाठवलेस, याचा मनापासून आनंद झाला. खोल्यांची मापं, स्वागतकक्ष, मॉड्युलर ऑपरेशन थिएटर सगळं मन लावून काढलंयस. पण दवाखान्यात सतत काही ना काही फिरत असतं, ते तुझ्या नकाशात मला दिसलं नाही. रुग्ण, नातेवाईक, जेवण, मळक्या चादरी, जैववैद्यकीय कचरा, ऑक्सिजन, हवा, पाणी आणि कधी मृतदेहही. या प्रत्येकाची वाट वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने ओढून बघ. तिसऱ्या मजल्यावर जेवणाची ट्रॉली आणि मळक्या चादरींची गाडी एकाच लिफ्टसमोर येतात, हे तुझं तुलाच दिसेल.

सुरुवात पाण्यापासून कर, कारण आपण पंचगंगेकाठी आहोत. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. प्लॉट सरकारी नकाशातल्या निळ्या पूररेषेबाहेर आहे एवढ्यावर विसंबू नकोस. त्या दोन्ही वेळी त्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारपाजारच्यांना विचारून ये. तू जनरेटर, विजेचं मुख्य पॅनल, ऑक्सिजनची मॅनिफोल्ड रूम (सिलिंडर जोडून नळ्यांत ऑक्सिजन सोडायची खोली) आणि औषधांचं स्टोअर, सगळं तळघरात ढकललंयस. सगळेच तसं करतात, कारण वरची जागा खाटांना हवी असते. पण तळघरात पाणी शिरलं की वरच्या आयसीयूतले व्हेंटिलेटर किती वेळ चालतील? खाली फक्त गाड्या राहू देत, बाकी सगळं पूररेषेच्या वर ने. त्यात चार खाटा गेल्या तर जाऊ देत. डॉक्टर कुरकुरतील, तेव्हा मी येतो बोलायला.

मोठ्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होतो, शिंगणापूर-बालिंग्याचे पंप पाण्याखाली जातात आणि सगळीकडे पाणी असताना गावातले नळ कोरडे पडतात. एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने चार तासांत 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, आरओत वाया जाणारं वेगळंच. टाकीचं माप त्या हिशेबाने धर. हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांटही विजेवरच चालतो, म्हणून डिझेलचा साठा आणि भरलेले सिलिंडर रस्ता बंद असतानाचे दिवस डोळ्यांसमोर ठेवून ठरव.

आता आग. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला आयसीयू पेटलं. या बातम्या वाचताना आपण नकाशे काढणाऱ्यांनी दचकायला हवं. आयसीयूत चोवीस तास यंत्रांचा लोड असतो, हवेत ऑक्सिजन जास्त असू शकतो, खिडक्या बंद असतात आणि आतला माणूस उठून पळू शकत नाही. त्याला जिन्यावरून खाली नेणं जवळजवळ अशक्य. म्हणून प्रत्येक मजला आगरोधक भिंतीने आणि दाराने दोन भागांत तोड, म्हणजे खाट ढकलत त्याच मजल्यावरच्या सुरक्षित भागात नेता येईल. कॉरिडॉर 2.4 मीटर हवाच, आणि स्ट्रेचर-सिलिंडर ठेवायला बाजूला वेगळे कोनाडे दे, नाहीतर महिन्याभरात त्यातला निम्मा कॉरिडॉर त्यांनीच अडेल. दर्शनी भागावर काच आणि एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमचे पॅनल, चढवायची टूम आहे. माझा तिला सरळ विरोध आहे. धूर बाहेर जाईल अशी उघडणारी खिडकी हवी.

खिडकी नुसती धुरासाठी नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, ताजी हवा आणत नाही, आणि टीबीच्या रुग्णाशेजारी दुसरा रुग्ण झोपलेला असतो. जनरल वॉर्डला समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेच्या पावसाला पुरतील असे खोल छज्जे दिलेस, तर वर्षातला बराच काळ एसीशिवाय निघेल. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या 23 जोड्या तपासल्या होत्या. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. प्लॉटवरचं ते जुनं झाड पार्किंगसाठी तोडू नकोस.

नातेवाईकांची जागा तू काढलीच नाहीस. चंदगड, गगनबावडा, राधानगरीहून एका पेशंटबरोबर तीन माणसं येतात. भाकरीचा डबा, पिशव्या, चपला, रात्रीची झोप, सगळं जिन्यात आणि कॉरिडॉरमध्येच होतं. मग सिक्युरिटीवाला त्यांच्यावर ओरडतो. त्यांचा काय दोष? त्यांना बसायला-झोपायला एक हवेशीर हॉल, हात-तोंड धुवायला मोरी आणि मोबाईल चार्जिंग दे. संडासाचं दार बाहेर उघडणारं कर, कारण आत चक्कर येऊन पडलेला माणूस दाराला टेकलेला असतो. पॉलिशचा ग्रॅनाइट तिथे चालणार नाही. आणि पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, तेव्हा ड्रायरची जागा आत्ताच धर.

मेडिकल गॅस, आग आणि वीज यांचे सल्लागार स्लॅब पडण्याआधी बोलाव. एक्स-रे आणि सीटीच्या खोल्यांचा आराखडा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांना धरून बसव, मगच भिंती पक्क्या कर.

पुढच्या वेळी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारा नकाशा, घेऊन ये. त्याआधी परवानगी काढून एका चालू दवाखान्यात रात्रपाळीला बसून ये. सिस्टरना विचार, टेबलावरून किती खाटा दिसतात. मावशींना विचार, भरलेली बादली घेऊन किती लांब जावं लागतं. त्यांची उत्तरं वहीत लिहून आण, नकाशा आपण त्यावरूनच पुढे नेऊ.

तुझा,
काका