दावा चालू असताना जमीन विकली जाऊ नये म्हणून

प्रश्न : वडिलांच्या पश्चात वडिलोपार्जित शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर भावाबरोबर आम्हा दोघी बहिणींची नावे वारस म्हणून लागली आहेत. भावाने आम्हाला न विचारता संपूर्ण गटाची विसार पावती एका खरेदीदाराला करून दिल्याचे समजते. आम्ही वाटपाचा दावा लावणार आहोत. पण निकाल लागेपर्यंत जमीन हातची गेली तर? – एक वाचक भगिनी, पुणे जिल्हा

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि नेमक्या अशाच प्रसंगासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३९ आहे. दाव्यासोबतच त्यातील नियम १ व २ खाली तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यावा. आपल्याकडच्या कोर्टांत याच अर्जाला सहसा ‘निशाणी ५’ म्हणतात. न्यायालय त्यात तीन गोष्टी पाहते : अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी सबळ आहे का, मनाई न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का, आणि सोयी-गैरसोयीचा तोल कोणाकडे झुकतो. या टप्प्यावर साक्षीपुरावा होत नाही, प्रतिज्ञापत्रे आणि कागद यांवरच निर्णय होतो. म्हणून सातबारा, वारस नोंदीचा फेरफार, जुने उतारे आणि मिळाल्यास विसार पावतीची प्रत पहिल्याच दिवशी दाखल करावी. मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क जन्मतःच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले असल्याने पहिला मुद्दा आपल्याला जड जाऊ नये.

अर्जातील मागणीच्या शब्दांकडे मात्र वकिलांसोबत बसून स्वतः लक्ष द्या. नुसता ‘जैसे थे’ आदेश मागितला, तर त्या दिवशी ताबा कोणाचा होता यावरूनच पुढे नवा वाद उभा राहतो. त्याऐवजी गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा देऊन ‘प्रतिवादीने सदर मिळकत विक्री, गहाण, बक्षीस वा अन्य कोणत्याही प्रकारे हस्तांतरित करू नये व तीत त्रयस्थाचा हितसंबंध निर्माण करू नये’ अशी मागणी असावी. भावाने शेत कसूच नये, अशी मनाई सहहिस्सेदाराविरुद्ध सहसा मिळत नाही. तिचा आग्रह धरून मूळ मागणी दुबळी करू नये, असे माझे मत आहे.

खरेदीखत अगदी तोंडावर असेल, तर समोरच्याला नोटीस न काढता एकतर्फी मनाई मागता येते. परंतु नोटिशीच्या विलंबाने अर्जाचा हेतूच विफल होईल, याची कारणे न्यायालयाला नोंदवावी लागतात. तसा आदेश झाल्यावर अर्ज, दावा व कागदपत्रांच्या प्रती विरुद्ध पक्षाला लगेच पोहोचवून किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवून, त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. ही पूर्तता कधीही टाळू नका, कारण आदेश उठवून घ्यायला एवढी त्रुटीही समोरच्या वकिलांना हाताशी येते. भावाने आधीच याच संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘माझे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश करू नये’ असा आगाऊ अर्ज, दाखल केले असेल, तर त्याला नोटीस द्यावीच लागेल; कॅव्हेटची मुदत ९० दिवस असते. मनाई मोडणाऱ्याची मिळकत जप्त होऊ शकते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

अर्ज नामंजूर झाला तरी सारे संपत नाही. आदेश ४३ खाली अपील करता येते. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ नुसार दावा प्रलंबित असताना झालेली विक्री निकालाला अधीन राहते. महाराष्ट्रातील दुरुस्तीप्रमाणे त्यासाठी दाव्याची नोटीस, अर्थात लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते. दावा दाखल होताच ती नोंदवावी. मनाईच्या निकालाची वाट पाहू नये.

प्रश्न : उधारीच्या वसुलीचा दावा लावला आहे. देणेकरी दुकान विकून परगावी जाण्याच्या बेतात आहे. – एक व्यापारी, सांगली

उत्तर : आदेश ३८, नियम ५ खाली निकालापूर्वी जप्तीचा अर्ज करावा. देणे मोठे आहे एवढे पुरत नाही. हुकूमनाम्याची वसुली बुडवण्याच्या हेतूनेच तो मिळकत विकतो आहे, हे विक्रीची जाहिरात, दलालाशी झालेला पत्रव्यवहार अशा ठोस तपशिलाने दाखवावे लागते. त्याने न्यायालयाने सांगितलेले तारण दिले, तर जप्ती होत नाही.