ट्रान्समिशन डिमनची ब्राउझर-स्क्रीन लावताना

डेबियन या लिनक्सवर ट्रान्समिशन डिमन (मागे चालत राहणारा टॉरेंट डाउनलोडचा प्रोग्राम) टाकलात, उत्तम केलंत. ब्राउझरमधली स्क्रीन त्यातच येते, पोर्ट 9091 वर. वेगळं काही लागत नाही.

सेटिंग्जची जेसन फाइल बदलण्याआधी डिमन थांबवा. चालू असताना बदललीत, तर बंद होताना तो जुन्याच सेटिंग्ज परत लिहितो आणि मेहनत पाण्यात जाते. बहुतेक नवे लोक इथेच अडकतात.

- दुसऱ्या कॉम्प्युटरवरून स्क्रीन उघडताना 403 (प्रवेश नाकारल्याची एरर) आलं? आरपीसी व्हाइटलिस्टमध्ये (कोणत्या पत्त्यांवरून स्क्रीन उघडता येते, ती सेटिंग्जमधली यादी) बहुधा फक्त 127.0.0.1, म्हणजे तोच कॉम्प्युटर, आहे. घरच्या नेटवर्कनुसार 192.168.1.* जोडा.
- पासवर्ड साधाच लिहा; डिमन सुरू होताना त्याचा हॅश (मूळ पासवर्ड न दिसणारं रूप) आपोआप होतो.
- 'परमिशन डिनाइड' दिसलं तर डाउनलोडचा फोल्डर डेबियन-ट्रान्समिशन या युजरच्या नावावर करा. सरसकट 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊ नका.

राउटरवर 51413 (टॉरेंटच्या देवाणघेवाणीचं पोर्ट) उघडा, स्क्रीनचं 9091 अजिबात नको. ब्लॉकलिस्ट, वेगमर्यादा सावकाश बघू.