इंग्लंडमधल्या खेड्यांतले जुने पब बंद पडत आहेत. त्यांच्या आतल्या जुन्या खोल्यांमध्ये जपण्यासारखं खरंच काही आहे का? आणि त्यांचं पुढे काय होणार?

आहे, खूप आहे. मी गेली काही वर्षं वेल्सच्या सीमेलगत, हेरेफर्डशायरमध्ये राहतो. इथे येईपर्यंत पब म्हटलं की लांबलचक काउंटर, मागे बाटल्यांची रांग आणि पुढे उंच स्टुलं एवढंच डोळ्यांसमोर यायचं. लेंटवर्डाईन गावातल्या ‘सन इन’मध्ये पहिल्यांदा गेलो, तर पुढच्या खोलीत काउंटरच दिसेना. तांबडी फरशी, भिंतीतली शेकोटी, घासून घासून पांढुरकी झालेली साधी टेबलं आणि भिंतीला लागून बाकडी. कुणाच्या तरी घरात शिरलो की काय, म्हणून मी उंबऱ्यावरच थबकलो. बाकड्यावरचे एक आजोबा काही न बोलता सरकले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात थोपटला.

ते खरोखर घरच होतं. 1830 साली इंग्लंडमध्ये कायदा झाला आणि कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी (जुनं इंग्रजी चलन) भरून आपल्या घरात बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला. लोकांनी बसायची खोली गिऱ्हाइकांना मोकळी करून दिली आणि पिंपं आत ठेवली. अशा घरगुती पबला ‘पार्लर पब’ म्हणतात. पूर्वी असे कितीतरी होते, आज बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

‘सन’ चालवायच्या फ्लॉसी लेन. त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य त्याच घरात गेलं. पिंपं स्वयंपाकघरात असायची आणि नेहमीची माणसं आत जाऊन स्वतःचा ग्लास स्वतःच भरून आणायची. 2009 मध्ये, वयाच्या 94व्या वर्षी त्या गेल्या आणि आता हे घर कुणीतरी राहायला विकत घेणार, अशी धास्ती गावाला पडली. गावकरी आणि पबप्रेमी एकत्र आले, ओरड झाली, शेवटी दोन जणांनी मिळून पब विकत घेतला. त्यातले एक जण जवळच्याच ब्रुअरीचे, म्हणजे बिअरच्या कारखान्याचे. नवीन बार वगैरे त्यांनी मागच्या बाजूला बांधला आणि पुढच्या जुन्या खोल्या तशाच ठेवल्या. धंदा मागे वाढवा, पुढच्या खोलीला हात लावू नका, हा मार्ग मला मनापासून पटतो.

कारण त्या खोलीची किंमत लाकडात नाही, बसण्याच्या रचनेत आहे. काउंटरपाशी माणूस इतरांकडे पाठ करून उभा राहतो. बाकड्यांवर सगळे समोरासमोर येतात आणि बोलल्यावाचून गत्यंतर नसतं. आपल्याकडे ओटीवर बसलेल्या माणसाला वाटसरूशी बोलावंच लागतं, तसंच. सफकमधल्या लॅक्सफील्डचा ‘किंग्ज हेड’ बघा. शेकोटीभोवती तीन बाजूंनी उंच पाठीचं बाकडं आहे, काउंटर नाही, बिअर मागच्या खोलीतल्या पिंपातून येते. बर्कशायरमधल्या ऑल्डवर्थच्या ‘बेल इन’मध्ये काचेच्या छोट्या खिडकीतून ग्लास बाहेर येतो, आणि तो पब अडीचशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे आहे.

आता भवितव्य. सुपरमार्केटची बिअर स्वस्त, कर जड, विजेचं बिल जड. त्यात गावातली जुनी इमारत पब म्हणून जेवढ्याला जाते, त्याहून जास्त पैसे राहतं घर म्हणून मिळतात. खरा घाव हा आहे. वारसा इमारतींच्या यादीत नाव असलं तर भिंती आणि आतलं जुनं लाकूडकाम वाचतं. पण दार रोज उघडं ठेवण्याची सक्ती कुठलाच कायदा करू शकत नाही. 2011च्या कायद्याने गावाला एक हत्यार दिलं: पबची ‘समाजाची मालमत्ता’ म्हणून नोंद असेल आणि तो विकायला निघाला, तर गावकऱ्यांना पैसे जमवायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मागता येते. 2017पासून पब पाडायला किंवा त्याचं घर करायला परवानगीही लागते.

तरी घडायचं ते घडतं. स्टॅफर्डशायरमधला ‘क्रूकेड हाऊस’ खाली कोळशाच्या खाणी असल्यामुळे खचून एका अंगाला कलला होता. तिथे गोटी चढावर घरंगळते असं वाटायचं. ऑगस्ट 2023 मध्ये, विकला गेल्यानंतर काही दिवसांतच तो जळाला आणि दोन दिवसांत पाडलाही गेला. वारसा यादीत त्याचं नाव नव्हतं. पुढे तो जसाच्या तसा बांधून द्या, असा आदेश स्थानिक परिषदेने काढला. बांधतीलही, पण ती झिजलेली चौकट कुठून आणणार?

माझ्या घराजवळचा पबही गेला. एका सकाळी त्याची बाकडी बाहेर कचऱ्याच्या लोखंडी पेटीत उभी टाकलेली दिसली. एकाची कड हाताच्या घर्षणाने इतकी गुळगुळीत झाली होती, की ओल्या दगडावर बोट फिरवल्यासारखं वाटलं. आम्ही नोंदणीचा अर्जच केला नव्हता. कुणाच्या मनातच आलं नाही.

म्हणून तुमच्या ओळखीचं कुणी अशा गावात राहत असेल, तर पब धडधाकट चालू असतानाच ती नोंदणी करायला सांगा. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी 2003 मध्ये सहकारी तत्त्वावर ‘ओल्ड क्राउन’ विकत घेतला, तेव्हा हा कायदाही नव्हता. आणि इकडे आलात तर ‘सन’ला जरूर जा. शेजारच्या दुकानातून फिश अँड चिप्स घ्या आणि मागच्या नव्या भागात न जाता पुढच्या खोलीत बसा. जागा नसली तरी आत जा, कुणीतरी सरकतं.